दाराच्या बाजूचा आरसा

दुकानात साबणाच्या फळ्यांच्या टोकाला ती पुन्हा उभी होती.

ड्रायव्हरने हातातला पुडा होता तिथेच ठेवला आणि बायकोची बाही ओढली. "चल. आत्ताच्या आत्ता."

"अहो, तेल राहिलंय."

"राहू दे तेल. ती आलीय."

बायकोने वळून पाहिलं. करड्या स्वेटरातली बाई त्यांच्याकडेच एकटक बघत होती. मग तिने अर्धी भरलेली टोपली जमिनीवर ठेवली आणि ती झपाझप बाहेर निघून गेली.

"गेली की," बायको म्हणाली. "तुम्हाला खायला थोडीच आली होती? सामान घ्यायला आली होती बिचारी."

"मग न घेताच का गेली?"

बायकोने तेलाची बाटली उचलली आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

ड्रायव्हर म्हणायचं ते आता फक्त सवयीने. अपघातानंतर कोर्टाने त्याला सोडलं, पण बस कंपनीने ठेवलं नाही. नोकरी गेल्यावर शहरातलं घर परवडेना, म्हणून दोघं इकडे आली, पार शेवटच्या स्टॉपच्याही पुढे. इथे भाडं निम्मं होतं आणि कोणी ओळखीचं नव्हतं. त्याला त्या दुसऱ्या गोष्टीचंच जास्त अप्रूप होतं.

आणि इथेच, समोरच्या इमारतीत, ही बाई राहायला आली. त्याच्या बसखाली गेलेल्या म्हाताऱ्याची सून. कोर्टात पहिल्या बाकावर बसायची आणि सगळ्यांत जास्त तीच रडायची. सासऱ्यांसोबत त्या दिवशी स्टॉपवर तीच होती.

"भाडं कमी म्हणून अर्धं शहर इकडे लोटतंय," बायको म्हणायची. "तीही आली असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, असं झालंय तुमचं."

पण ड्रायव्हरच्या मनात काय होतं ते बायकोला तरी कुठे पूर्ण ठाऊक होतं? स्टॉप सोडताना दाराच्या बाजूच्या आरशात बघायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी तो चष्मा पुसत होता. आरशाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कोर्टात मात्र त्याने शपथेवर सांगितलं, "मी आरशातच बघत होतो साहेब. आजोबांचा पाय घसरला. मी ब्रेक दाबेपर्यंत उशीर झाला होता." त्या एका वाक्यावर तो सुटला होता. ते वाक्य खोटं ठरलं तर तुरुंग ठरलेला. आणि ते खोटं ठरवू शकणारं माणूस जगात एकच होतं. ते आता रस्त्यापलीकडे राहत होतं.

रविवारी दोघं कोपऱ्यावरच्या खाणावळीत गेली. इथे बाहेर जेवायचं म्हणजे तेच एक ठिकाण. खिडकीजवळच्या टेबलावर ती एकटीच बसली होती, दाराकडे तोंड करून. ड्रायव्हरला पाहताच तिच्या हातातला चमचा सूपमध्येच राहिला. त्याची तर भूकच मेली. समोर आलेला ब्रेड तो नुसता कुस्करत बसला.

"जेवा हो," बायको हळूच म्हणाली. "निदान मला तरी जेवू द्या."

बाहेर पडताना खोल्या दाखवणारा एजंट भेटला. गप्पिष्ट माणूस, तोंडात तीळ भिजायचा नाही. "काका, समोरच्या बाई तुमची चौकशी करत होत्या. कुठे कामाला जाता, घरी कोणकोण असतं, इथे किती दिवस राहणार. त्यांना दुसरीकडे खोलीही हवीय, पण आधी तुमचंच सगळं विचारून घेतलं. नात्यातल्या आहेत का?"

घरी आल्यावर ड्रायव्हरने पडदे ओढून घेतले. पुढचे काही दिवस तो लांबच्या वाटेने गोदामातल्या नव्या कामावर गेला, तर त्या वाटेवरही ती समोरून येताना दिसली आणि चटकन एका दुकानात शिरली. आपण कुठे जातो ते ही बाई आधीच ताडते, असं त्याला वाटायला लागलं. त्याची झोप उडाली. जिन्यात पाऊल वाजलं तरी तो दचकायचा.

शेवटी एका दुपारी बायको भाजी आणायला गेली असताना दारावर थाप पडली. त्याने दाराच्या भिंगातून पाहिलं. तीच. हातात काही नव्हतं.

उघडू नये, असं त्याला फार वाटलं. मग त्याला स्वतःचाच कंटाळा आला. असं किती दिवस बिळात राहायचं? जे व्हायचं ते होऊन जाऊ दे. सगळं सांगून टाकू, पाय धरू. त्याने कडी काढली.

"बाई, मला तुम्हाला..."

"आधी मला बोलू द्या." तिचा आवाज चिरकत होता. "मी दुकान बदललं, रस्ता बदलला. तरी जाईन तिथे तुम्ही हजर. आता माझ्यात त्राण नाही उरलं."

ड्रायव्हरला काही कळेना. तो दाराला धरून उभा राहिला.

"कोर्टात तुम्ही खोटं बोललात," ती म्हणाली.

"हो," तो कसाबसा म्हणाला.

"सासरे घसरले नव्हते. तुम्हालाही ते माहीत आहे."

त्याने मान खाली घातली. तुरुंगाचं दार त्याला आत्ताच दिसत होतं.

"मी ढकललं, ते तुम्ही आरशात पाहिलंत आणि तरी गप्प बसलात," ती हात जोडून म्हणाली. "आता एकदाच काय ते सांगा. तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?"