कॅमेऱ्यापुढचं पाणी

जिनलने आजोबांच्या गादीवर लॅपटॉप उघडून वनखात्यासाठी केलेल्या मोजणीचा आकडा पुन्हा पाहिला. तो बदलला नव्हता. चितळं गेल्या उन्हाळ्याच्या दुप्पट झाली होती.

"एवढी आली कुठून?" म्हणत ती उठली आणि चोपडा शहरातल्या त्या धान्याच्या आडत दुकानात येरझारा घालू लागली. थोड्या वेळाने गावात बैठक होती. आकडा हाच राहिला, तर पिकं वाचवायला जाळी लावून निम्मी चितळं पकडायची आणि दूरच्या जंगलात सोडायची, असं ठरलं होतं. अशा धरपकडीत पुष्कळ चितळं भीतीनेच मरतात, हे तिला ठाऊक होतं.

"वाढली ना?" घेवरचंद आजोबा हसले. "मग तोंड का असं?"

"दादाजी, जंगलात हरणं एकेक करून मोजता येत नाहीत. आम्ही मोजके कॅमेरे लावतो. कुठे लावायचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो, मनाने नाही. त्यांत जेवढी दिसतात, त्यावरून मॉडेल सगळ्या जंगलाचा अंदाज काढतं. गणित पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडत नाही."

"चूक कशी असेल? आम्ही सोय केलीय ना!" त्यांनी दाराकडे हात केला. दारात अभिमन उभा होता. जंगलाला लागून त्याचं शेत, आणि बाहेर त्याचाच पाण्याचा टँकर. "विचार याला. उन्हाळाभर माझ्या पैशाने टाक्या भरतोय."

"कसल्या टाक्या?"

"तुझ्या कॅमेऱ्यांपुढच्या. पाणी, जोडीला मिठाचे खडे. नकाशा तूच दाखवला होतास. म्हटलं, मुक्या जिवांना पाणी मिळेल आणि आमच्या पोरीचे फोटोही चांगले येतील."

जिनलने परखी उचलली. पोत्यात खुपसून नमुना काढायची ती पोकळ सळई तिने आजोबांच्या हातात दिली.

"ही पोत्यात कुठे खुपसता?"

"कुठेही. मध्ये, तळाशी."

"आणि कुणी वरवर निवडलेली तूर पसरली, अन् तुम्ही तेवढीच पाहून भाव केलात, तर?"

"मी काय आज धंद्याला बसलोय?" घेवरचंद हसता हसता थांबले. त्यांनी परखी मांडीवर ठेवली. "म्हणजे आम्ही वर हरणं पसरली."

"लांबलांबची येऊन तिथेच थांबली. मॉडेलला वाटलं, सगळं जंगल तसंच भरलंय."

"मंग आबा, आकडा बठ्ठा खोटा शे?" अभिमनने विचारलं.

"आकडा तुमच्या पाण्याचा आहे, अभिमनभाऊ," जिनल म्हणाली. "जंगलाचा नाही."

"बैठकीत सांगून टाक," घेवरचंद म्हणाले.

"कोण ऐकेल? जैनांची पोरगी, हरणं वाचवायला गोष्ट रचते, म्हणतील. तुम्ही बोललात तरी तेच." ती अभिमनकडे वळली. "पाणी टाकणाऱ्याने सांगितलं तर ऐकतील."

अभिमन एकदम उसळला. "मी? मनी बठ्ठी कपाशी खाई टाकी त्यासनी! कोवळी रोपं, ताई. कालच परत लावी. जाळी लावा म्हनीसन पहिली सही मनी शे. अन् मीच उभा राहीसन सांगू?"

बाहेर टँकरच्या नळातून थेंब गळत होते, आणि तापलेल्या रस्त्यावर पडताच सुकत होते.

जिनलचा फोन वाजला. बैठकीतून वनाधिकारी बोलत होते. "आकडा तयार आहे ना? सगळे जमलेत."

"आकडा आहे, सर. पण तो खरा धरता येणार नाही. येऊन सांगते." पलीकडचा आवाज चढला. तिने फोन ठेवला, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटरला किल्ली लावली. घेवरचंद परखी बाजूला ठेवून पायऱ्या उतरले आणि काही न विचारता मागे बसले.

अभिमन टँकरवर चढला. इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. स्टिअरिंगवर नुसता हात आपटत राहिला. मग खिडकीतून वाकून त्याने हाक मारली.

"ताई, हरनं वाट देखत व्हतीन. आज पानी टाकू का नको?"