नमुन्याचं सोवळं

प्लास्टिक कारखान्याची रसायनं नळाच्या पाण्यात उतरलीत का, हे तपासायला ती गावभर फिरून नमुने आणायची. तसली रसायनं क्रीममध्येही असतात. हाताला लागलेली असली तर नमुना बाटतो आणि तपासणी बाद होते. म्हणून तिने वर्षानुवर्षं हाताला काही लावलं नव्हतं. "निघालं आमचं सोवळं!" नवरा चिडवायचा.

या खेपेलाही सगळ्या नळांत रसायनं सापडली. साहेबांनी अहवाल वाचून बाजूला सारला.

"उद्या परत नमुने आणा."

"साहेब, तिसऱ्यांदा? तेच निघणार हो."

साहेबांनी तिच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं. खणातून क्रीमची नवी ट्यूब काढून तिच्यापुढे सरकवली.

"किती फुटलेत हात तुमचे! उद्या निघताना आठवणीने लावा."