एक आठी

“ही आमटी हाय का भांड्यांचं धुवण?” वाटी पुढं ढकलत बायजाक्का सुनेच्या कपाळाकडं टक लावून बघत राहिली. पण कपाळ हलगीच्या कातड्यागत ताणलेलंच.

चार वर्षांपूर्वी वैजयंताची कातडी अशी आखडायला लागली होती. बोटं वळेनात, तोंड उघडून घास घेता येईना. अंगाची राखण करणारं रक्तच अंगावर उलटलंय, असं डॉक्टर म्हणाले. मग आठ महिन्यांपूर्वी त्यांनी तिच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून ठेवल्या, जहाल औषधानं आतलं बिघडलेलं सगळं धुऊन काढलं आणि त्या पेशी परत तिच्या अंगात सोडल्या. “गुण आला तर कातडी सैल पडेल. कपाळाला आठी पडायला लागली की समजा, जिंकलो,” एवढंच ते म्हणाले होते. तेव्हापासून बायजाक्कानं टोमण्यांचा एक दिवस खाडा केला नव्हता.

आज तिनं ठेवणीतला काढला. “तुझ्या आईनं तरी काय शिकवलं म्हणा! तिची पुरणपोळी चपलेला तळ म्हणून लावावी!”

“आत्ती, माझ्या आईवर जायचं न्हाई!” वैजयंता फणकारली, आणि तिच्या दोन्ही भुवयांच्या मधोमध एक बारीक आठी उमटली.

बायजाक्कानं पुढं होऊन त्या आठीवरून अंगठा फिरवला. खरीच होती. मग पदर सावरायचंही भान न ठेवता ती दारात धावली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “अगं बायांनो, या गं! माझी सून माझ्यावर रागावलीया!”