पूर्णविराम चिन्ह

"हा ‘चिन्ह’ शब्द इथे काय करतोय?" लिफ्ट इन्स्पेक्टरने कागद टायपिस्ट बाईंपुढे सरकवला.

तक्रार निनावी होती, विभागाच्या संकेतस्थळावरून आलेली. ‘लिफ्टमधल्या दाखल्यावर सतरा तारखेची तपासणी दाखवली आहे. चिन्ह त्या दिवशी इन्स्पेक्टर तापाने घरी झोपून होता. चिन्ह मग गच्चीवरच्या मशीनरूममध्ये कोण चढलं? चिन्ह’

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "हे बोलून लिहिलंय, साहेब. फोनला ‘पूर्णविराम’ म्हटलं की तो टिंब देतो. हा माणूस म्हणतोय ‘पूर्णविराम चिन्ह’. पूर्णविराम म्हटल्यावर वर चिन्ह कशाला? पण सवय असते एकेकाला. टिंब जागेवर बसतं आणि चिन्ह असं उघड्यावर पडतं."

इन्स्पेक्टर हसला नाही. तक्रारीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तापातून उठल्यावर त्याने त्या आठमजली इमारतीचा दाखला मागची तारीख घालून खरडला होता. आता वरिष्ठांनी तीन दिवसांत खुलासा मागवला होता. सतरा तारखेला तो घरी होता हे ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांतलं फितूर कोण झालं, तेवढं त्याला शोधायचं होतं.

तेव्हापासून तो माणसांची बोलणी हुंगत फिरू लागला. काहीतरी निमित्त काढायचं आणि समोरच्याकडून ईमेलचा पत्ता वदवून घ्यायचा. शिपाई म्हणाला, "डॉटचं टिंब." आवक-जावकवाली म्हणाली, "अंडरस्कोरची खालची रेघ." ज्यांनी त्याला ही मेख दाखवली, त्या टायपिस्ट बाईसुद्धा फोनवर कुणाला तरी "स्टारची चांदणी दाबा" म्हणून सांगत होत्या. एकही तोंड त्याला स्वच्छ वाटेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्याने मदतनिसाला गाठलं. तीन वर्षं बॅटरी आणि पाने-पकडी घेऊन त्याच्यामागे जिने चढणारा गडी. पत्ता सांगताना तो सहज म्हणून गेला, "अ‍ॅट चिन्ह."

"चिन्ह कशाला म्हणतोस?"

"नुसतं अ‍ॅट म्हटलं तर लोक आठ लिहितात, साहेब."

उत्तर सरळ होतं. इन्स्पेक्टरला ते पढवल्यासारखं वाटलं. त्याने दार लावून घेतलं आणि खुलासा लिहिला. ‘तपासणीला मदतनीस गेला होता. त्याच्या तोंडी अहवालावर विसंबून मी सही केली.’ कागद बॅगेत टाकून तो संध्याकाळी घरी आला, तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

घरात तो आणि वडील, दोघंच. वडिलांचं आयुष्य लिफ्टदुरुस्तीत गेलं होतं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं त्या कामातच गेलेली, त्यामुळे बारीक अक्षरं दाबणं त्यांना जमत नसे. महिन्यापूर्वी आत्याने त्यांना बोलून लिहिता येणारा फोन दिला होता. तो आरशासारखा तोंडापुढे धरून ते गॅलरीत बसले होते.

"ताई, गुडघा कसा आहे, प्रश्नचिन्ह चिन्ह. दुखला तरी लिफ्टने जाऊ नकोस, पूर्णविराम चिन्ह. दमादमाने जिने चढ, पूर्णविराम चिन्ह."

इन्स्पेक्टर बूट काढता काढता थांबला. आत्या त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहत होती. दाखला खरडताना ते त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"तक्रार तुम्ही केलीत, बाबा?"

"हो." वडिलांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. "ताईकडे गेलो होतो. दाखल्यावरची तारीख वाचली. त्या दिवशी तुझ्या कपाळावर पट्ट्या मीच बदलत होतो."

"आधी मला सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. दोर घासल्याचा आवाज येतोय म्हणालो. तू म्हणालास, कागद ठीक आहेत."

त्याला ते आठवलं. जेवताना, मान वर न करता तो तसं म्हणाला होता.

"माझी नोकरी जाईल, बाबा."

"जाईलही. पण आधी वर चढून बघ."

सकाळी तो मदतनिसाला घेऊन आठ मजले चढला. मशीनरूमच्या कुलपाला गंज धरला होता. चारपैकी दोन दोरांच्या तारा तुटून काट्यांसारख्या वर आल्या होत्या. मदतनिसाने त्यांवर बॅटरी धरली. इन्स्पेक्टरने वीज तोडली, प्रत्येक मजल्यावर ‘लिफ्ट बंद’ची पाटी लावली आणि तिथेच पायरीवर बसून बॅगेतला खुलासा फाडला. नव्या कागदावर त्याने लिहिलं, ‘सतरा तारखेला मी घरी होतो. तपासणी कोणीही केलेली नाही.’ सही करण्याआधी तो मदतनिसाला वाचून दाखवला. फाडलेल्यात काय होतं तेही सांगितलं. मदतनिसाने पाने-पकडी गोळा करायला घेतल्या.

दुपारी निलंबनाचं पत्र हातात घेऊन तो घरी परतला. वडिलांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"एक विचारू, बाबा? एवढं सगळं लिहिलंत, मग खाली नाव का नाही घातलं?"

"घातलं होतं," वडील म्हणाले. "पण त्या मजकुराखाली आपलं आडनाव बघवेना. पुसून टाकलं."