फस्त

निवृत्त झाल्यापासून ते दर हिवाळ्याच्या तोंडावर पर्सिमन सुकवत. ताजं खाल्लं तर जीभ आखडून टाकणारं ते तुरट फळ सोलायचं, दोऱ्याला बांधून खिडकीत टांगायचं, आणि आतली साखर वर येईपर्यंत रोज एकेक हलक्या हाताने चेपायचं.

"एवढे माझे पाय कधी चेपले नाहीत," बायको म्हणायची.

परगावी राहणाऱ्या लेकाच्या वाट्याचा डबा पोस्टाने पाठवायचं काम तिचं. यंदा तो गाडीच्या डिकीतच राहून गेला, आणि महिन्याभराने सामान काढताना तिच्या हाताला लागला. नवऱ्याला कळायच्या आत लेकाला खरं ते सांगून टाकावं, म्हणून तिने गॅलरीत जाऊन फोन लावला.

"अरे, यंदाचा तो फळांचा डबा..."

"हो गं आई, सांगायचंच राहिलं बघ! बाबांना म्हणावं, यंदाची एकदम फर्मास झालीत. पोरांनी दोन दिवसांत फस्त केली."

डब्याचा विषय तिथेच सोडून तिने फोन ठेवला आणि ती आत आली.

"काय म्हणाला?" खिडकीपाशी उभ्या नवऱ्याने विचारलं.

"फर्मास झालीत म्हणे. पोरांनी दोन दिवसांत फस्त केली."



ते खुलले, आणि स्टुलावर चढून दोघांसाठी राखलेली शेवटची माळही लेकाला पाठवायला उतरवू लागले.