तुतीला वळसा

ट्रॅक्टरमागे फवारा जोडून वुकाशिन शेताच्या कडेला थांबला होता. मका गुडघ्याशी आला होता आणि ओळीओळीतून रानज्वारीचं तण पुन्हा डोकं काढत होतं. बियांतून उगवलेलं पहिल्या फवाऱ्यानं जळालं. हे मुळांतून उठलेलं; त्याला दुसरा फवारा लागतो. पहिला त्याच्या बापानं, ओब्रादनं मारला होता. त्यानंतर आठवडाभरातच ओब्राद गेला.

"त्याचा चाळिसावा दिवस होऊ दे," त्याची आई, स्मिल्या, म्हणाली. तिनं काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट ओढला. "तोवर गेलेला माणूस आपल्या जागा बघत हिंडत असतो रे."

"तण थांबतंय होय, आई? मका आणखी वाढला की औषध त्यालाच जाळतं. हे असंच राहिलं तर पुढच्या साली मक्याऐवजी हेच कापत बस."

जायचं ते बापाच्याच चाकोऱ्यांतून; नाहीतर मका उगाच चिरडला जातो. चाकोऱ्या दोरी धरल्यासारख्या सरळ होत्या. फक्त शेताच्या मधोमध त्या एकाएकी वळल्या होत्या, मका तुडवत गोल गेल्या होत्या आणि पुन्हा सरळ झाल्या होत्या. आतल्या जागेला औषधाचा थेंब शिवला नव्हता. तिथं रानज्वारी कमरेएवढी, हिरवीगार डुलत होती.

"डुलकी लागली होती की काय बाबांना?"

"तिथं तुती होती," स्मिल्या म्हणाली. "तू पोटात होतास तेव्हा त्यानंच मुळासकट काढली. पुढं उभा जन्म तिच्या जागेवरून सरळ नांगर घातला. या खेपेला मात्र फवाऱ्याचा दांडा उचलून वळसा घातला. मी इथून ओरडले, तर मलाच म्हणतो, 'अगं हळू! आई निजलीय सावलीत.' सासूबाई तर कधीच्याच गेल्या."

वुकाशिननं त्या हिरव्या गोलाकडं हात केला.

"तेवढी जागा सोडली, तर तिथूनच पसरेल, आई. सगळं शेत जाईल."

स्मिल्यानं छातीवर क्रूस काढला. "मग जा सरळ," ती म्हणाली. "पण हळू जा."

ट्रॅक्टर उघडा होता, वर टप नव्हता. वळण आलं तशी वुकाशिननं चाकोरी सोडली आणि तो सरळ त्या रानज्वारीत शिरला. स्मिल्या बघत होती. भर उन्हात, मोकळ्या आभाळाखाली, कधीच न पाहिलेल्या झाडाच्या जागी पोरानं पटकन डोकं खाली घेतलं. पलीकडे निघाल्यावर केसांतून हात फिरवला, काही अडकलं असावं तसा.