घेतल्या भावाला येऊ दे

वायरमनने साठवलेलं सगळं घालून घेतलेला शेअर असा काही गडगडला की विचारू नका. इकडे बायकोला सुईत दोरा ओवता येईना, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, पण गडी हटेल तर शपथ. "अगं, तोट्यात कोण विकतं? घेतल्या भावाला येऊ दे, त्याच दिवशी विकतो आणि तुला दवाखान्यात नेतो."

ती बिचारी रोज विचारायची, "अहो, आला का भाव?"

आणि एके सकाळी खरंच आला की! तो नाचतच स्वयंपाकघरात गेला, फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. "बघ, आला."

"मला कुठलं दिसतंय? तुम्ही म्हणता म्हणजे आलाच असेल," म्हणत ती भिंत चाचपडत चपला शोधायला निघाली.



"अगं, कुठे निघालीस? आता तर चढायला लागलाय, आता कोण विकतं?"